रेघ कुठून फिरते ते पाहा

गावाकडे जमिनीचे खरेदीखत वाचताना त्यात 'चतुःसीमा' लागते. पूर्वेस अमक्याचा बांध, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचे शेत. चारही बाजू एकमेकींना भिडल्या, की मधली जमीन कोणाची ते ठरते. आमच्या आजोबांच्या नावावर असा एकही कागद नव्हता. त्यामुळे हा शब्द आम्हांला पुष्कळ उशिरा, नोकरीला लागल्यावर फायलींत भेटला. आता मात्र नाहूरमधल्या आमच्या वस्तीतील घराघराला चतुःसीमेचा विचार करावा लागतो आहे. फरक एवढाच, की ही सीमा दगडाची नाही, संगणकाच्या पडद्यावरील रेघेची आहे.

भांडुप आणि मुलुंड यांच्यामधले हे आमचे नाहूर. लालबहादूर शास्त्री मार्गालगतचे कारखाने एकेक करून बंद पडले, त्या जागी टॉवर उभे राहिले, आणि पुनर्वसनाची बोलणी बैठ्या घरांच्या दारापर्यंत आली. आम्ही बी.कॉम., पेशाने कारकून. म्हणून कागद वाचण्याचे काम वस्तीने आपसूक आमच्या गळ्यात घातले. ठराव, संमतीपत्रे, हिशोब हे सारे जमते. पण नकाशा? नकाशातल्या प्रत्येक घरात एक आकडा लिहिलेला असतो, ३०० चौरस फूट. तो वाचून माणसे खूश होतात, घडी घालून कागद ट्रंकेत ठेवतात. हा आकडा काढला कसा, हे विचारायला कोणी धजत नाही.

आमच्या गल्लीतील एक मुलगी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा कोर्स करते आहे. तिला आम्ही विचारले तर म्हणाली, "काका, आकडा नका बघू. रेघ कुठून फिरवली ते बघा."

या एका वाक्यासाठी आम्ही चार रविवार तिच्यासमोर बसलो. ती शिकवणारी आणि आम्ही चाळिशी ओलांडलेले विद्यार्थी!

पूर्वी नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने काढीत. वेड्यावाकड्या जागेचे क्षेत्रफळ काढायला प्लॅनिमीटर नावाचे एक यंत्र वापरीत. स्वित्झर्लंडच्या याकोब आम्सलरने १८५४ साली त्याचा सुटसुटीत प्रकार तयार केला. यंत्राची सुई आकृतीच्या कडेवरून एक फेरी फिरवून पुन्हा जिथून निघाली तिथे आणायची. चाकावर आतले क्षेत्रफळ उमटते. आतल्या जागेला हातही न लावता केवळ कडेवरून फिरून आतले माप कळते, याचे आम्हांला फार नवल वाटले. पुढे १९६३ साली अमेरिकेतील एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा पडद्यावर आकृती काढण्याचा कार्यक्रम तयार केला आणि १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड बाजारात आले. फेरी मात्र तीच राहिली. आता ती सुईऐवजी संगणक घालतो.

ती कशी, ते सांगतो. ऑटोकॅडमधल्या नकाशात भिंत दिसते ती खरे म्हणजे सुट्या रेघांची असते. डोळ्यांना खोली दिसते, संगणकाला फक्त रेघा. त्याला खोली दाखवायची तर 'बीओ' अशी दोन अक्षरे टाइप करून एंटर दाबायचे, आणि खोलीच्या आत कुठेही एक टिचकी मारायची. ही 'बाउंड्री' कमांड. टिचकीच्या ठिकाणाभोवतीच्या रेघा शोधून संगणक त्यांच्यावरून सलग एक बंद बाह्यरेषा टाकतो. तिला पॉलीलाईन म्हणतात. जुन्या रेघा जागच्या जागी राहतात, नवी त्यांच्यावर बसते. म्हणून ती वेगळ्या लेअरवर, वेगळ्या रंगात घ्यायची, नाहीतर वरची कोणती आणि खालची कोणती हे कळत नाही. मग त्या बाह्यरेषेचे क्षेत्रफळ विचारले की क्षणात मिळते. नकाशा मिलिमीटरमध्ये असेल तर आलेल्या आकड्याला दहा लाखांनी भागायचे म्हणजे चौरस मीटर झाले, आणि १०.७६४ ने गुणायचे म्हणजे फूट. इथे मात्र आमचे बी.कॉम. कामाला आले.

पहिल्याच घराला संगणकाने नकार दिला. बंद सीमा सापडत नाही, असा निरोप! मुलगी हसली. म्हणाली, "दार उघडं आहे ना काका." खरेच, दाराच्या जागी भिंतीला रेघ नसते आणि तिथून सीमा बाहेर गळते. दाराच्या तोंडावर तात्पुरती एक रेघ मारावी लागते. काही ठिकाणी दोन रेघांची टोके भिडल्यासारखी दिसतात, पण जवळ जाऊन पाहावे तर मध्ये केसभर फट असते. हल्लीचे ऑटोकॅड अशा फटीभोवती लाल वर्तुळ काढून दाखवते. कधी एक टोक उंचीत वर गेलेले असते. वरून पाहताना ती एकमेकींना चिकटलेली दिसतात, प्रत्यक्षात एक जोत्यावर आणि दुसरी माळ्यावर! एका घरापायी तासभर गेला. पण फट शोधायची सवय लागली की माणूस नकाशा खरोखर पाहू लागतो, असे आम्हांला वाटते.

आता मुद्द्याची गोष्ट. रेघ भिंतीच्या कोणत्या अंगाने फिरली? समजा, घर बाहेरून बाहेर २० फूट लांब आणि १५ फूट रुंद आहे. गुणाकार ३००. आता भिंती सहा इंची धरा आणि रेघ आतल्या अंगाने फिरवा. १९ गुणिले १४, म्हणजे २६६. घर तेच, भिंती त्याच, चौतीस फूट गेले कुठे? भिंतीच्या पोटात. चौतीस फुटांत मोरी आणि संडास दोन्ही बसतात, हे आमच्या मायबहिणींना वेगळे सांगायला नको.

कोणते अंग धरायचे, याचे नियम आहेत. २०१६ च्या रेरा कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या आहे. बाहेरच्या भिंती वगळायच्या, डक्ट वगळायचे, बाल्कनी वगळायची. घराच्या आतल्या आडभिंती मात्र धरायच्या. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराचे माप आधी २२५ चौरस फूट होते, २००८ साली २६९ झाले आणि २०१८ मध्ये ३००, म्हणजे २७.८८ चौरस मीटर. त्यात न्हाणी, संडास आणि बाल्कनी धरतात, जिना-व्हरांडा धरत नाहीत. बाल्कनीपुरते दोन्हींचे हिशोब निराळे आहेत. विकतच्या घराचा नियम पुनर्वसनाच्या घराला लावून भांडायला गेलात, तर समोरचा माणूस तुम्हांला दोन मिनिटांत गप्प करील.

आतल्या भिंती धरायच्या म्हणून मुलीने त्यांचा लेअर बंद केला. दिसत नाही ते बाउंड्री कमांड धरत नाही. पण लेअर बंद करताच जिथे आडभिंत बाहेरच्या भिंतीला टेकत होती तिथे पुन्हा फट! ती बुजवली, टिचकी मारली, हिरवी रेघ घरभर फिरली. आकडा आला २९१.

नऊ फूट कमी का? तिने मूळ नकाशातील रेघ लाल केली आणि आमची हिरवी तिच्यावर ठेवली. तीन बाजू तंतोतंत जुळल्या. चौथीला, न्हाणीघराच्या कोपऱ्यात, लाल रेघ पाण्याच्या नळांच्या डक्टला वळसा घालून बाहेरून गेली होती. कोणीतरी कोपऱ्या-कोपऱ्यावर टिचकी मारीत हाताने ओढलेली रेघ ती. हात नेईल तिकडे जाते. मुद्दाम की घाईत, ते आम्ही ठरवीत बसलो नाही. सर्व घरांच्या नळांचे ते डक्ट एका घराच्या मापात घालता येत नाही, एवढे पत्रात लिहिले आणि दोन्ही रेघांचे चित्र जोडले.

महानगरपालिकेनेही नकाशे तपासायला ऑटोडीसीआर ही संगणक प्रणाली घेतली, तीत प्रत्येक गोष्ट ठरलेल्या लेअरवर बंद पॉलीलाईननेच द्यावी लागते. परंतु रेघ बंद आहे की नाही हे एक, आणि ती योग्य ठिकाणाहून गेली की नाही हे दुसरे. दुसऱ्यासाठी तिथे राहणारा माणूसच बघायला हवा.

पत्राला उत्तर यायला सात आठवडे लागले. सुधारित नकाशात न्हाणीघराची भिंत सरकली आहे. आमच्या मुलीने पुन्हा रेघ फिरवली, ती ३०० ला पोहोचली. गेल्या रविवारी बायकांची बैठक झाली. पडद्यासमोर बसून एकेकीने आपले घर पाहिले. सत्तरीच्या एका मावशींनी विचारले, "बाय, ह्या हिरव्या रेघंत माझी मोरी आत हाय का बाहेर?" मुलीने बोट ठेवून दाखवले, आत. मावशी म्हणाल्या, "मग खाली काय ते लिहून दे." तसा प्रत्येक घराचा वेगळा कागद आता आम्ही करतो आहोत, बाह्यरेषा हिरवी, खाली क्षेत्रफळ आणि चारही भिंतींची लांबी. दुसऱ्या मजल्यावरची एकवीस घरे अजून व्हायची आहेत.