पुढचं दार सध्या बंद आहे

वाई,
फाल्गुन वद्य दशमी

ती. ताईस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "तुमचं बरं आहे बाई. अंगण आहे, नदी आहे, वसंतात नुसतं निवांत!" त्या 'निवांत'वरून तिथंच भांडणार होते, पण कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि राहून गेलं. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. ताई, फाल्गुन-चैत्रात माझ्या घरात मला उभं राहायला जागा नसते. जो तो याच दिवसांत संसार मांडतो, आणि सगळ्यांना माझंच अंगण, माझीच गच्ची, माझीच दोरी हवी असते.

पहिल्यापासून सांगते. शिमगा झाला तशी पाडव्यासाठी मी घर झाडायला काढलं. जळमटं हा आमच्या सासूबाईंचा आणि माझा जुना विषय, तुला ठाऊक आहेच. पडवीच्या कोपऱ्यातली तर दिवाळीपासून तशीच होती. काठीला केरसुणी बांधून पहिला हात मारणार, तोच दिव्याच्या वायरीला काहीतरी लोंबताना दिसलं. वाळकी पानं, सालपटं, चिंध्यांसारखे तुकडे, कागदाचा एक कपटा. म्हटलं, हे आणखी एक. काठी वर गेलीसुद्धा. तेवढ्यात त्या कचऱ्यातून बोटभर पिवळट पक्षीण भुर्रकन निघाली आणि जास्वंदीवर बसून चिवचिवाट करायला लागली.

शेजारच्या काकूंचा नातू चौथीत आहे. त्यानं सांगितलं, "काकू, तो शिंजीर आहे." विश्वकोशाच्या गावात तीस वर्षं राहून माझं ज्ञान हे असं! मग मी पडवीत पाट टाकून बघत बसले. घरटं सगळं मादीच विणते. नळीसारखी वाकडी चोच, त्यात कोळ्याच्या जाळ्याचा धागा. तो धागा घरट्याला गुंडाळायचा, पोटानं आत दाब द्यायचा, गोल फिरायचं आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन दुसरा आणायचा. म्हणजे दिवाळीपासून मी जी जळमटं काढली नाहीत, त्यांचीच ही दोरी. माझा आळस जन्मात पहिल्यांदा कुणाच्या कामी आला. बाहेरून कचरा दिसतो तो मुद्दामच, आत सावरीच्या कापसाची गादी आहे. एका बाजूला भोक आणि त्याच्यावर चक्क छोटीशी पडवी काढलेली. आमच्या पडवीला पन्हाळ बसवायचं चार वर्षं राहिलंय, तिनं आठवड्यात उरकलं.

नर मात्र नुसता मिरवतो. गळा जांभळा, पोट पिवळंधमक, खांद्यावर हिरवी चमक. घरट्याला काडी लावणार नाही, पण यांच्या स्कूटरच्या आरशात दुसरा नर दिसला की तासन्‌तास चोच आपटून त्याच्याशी युद्ध. शेवटी ह्यांनी आरशांना जुने मोजे चढवले. मोजे घातलेली स्कूटर घेऊन मंडईत गेले, तर भाजीवाल्यानं विचारलं, हिला थंडी वाजते का म्हणून.

आता मादी आत बसते. भोकातून फक्त चोच दिसते. अंडी उबायला साधारण पंधरवडा, पिल्लं उडायला आणखी तेवढाच. पुढच्या दाराची फळी जरा आपटली की वायर हलते आणि घरटं झोका घेतं. म्हणून महिनाभर ते दार बंद. दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला, सगळे मागून बोळातून येतात.

मागच्या दारी तरी सुख आहे का? शेवग्याची ती वाळकी फांदी तुला आठवत असेल, गच्चीवर आलेली. पावसाच्या आत ती उतरवायची म्हणून ह्यांनी माणूस सांगून ठेवला होता. माणूस आला त्या सकाळी फांदीतून भुसा गळत होता. खालून बघितलं तर फांदीच्या पोटाला रुपयाएवढं भोक आणि त्यात तांबट. कपाळ लाल, गळा पिवळा, अर्धं अंग आत. नर दमला की मादी आत जाते. दिवसभर टुक्‌ टुक्‌ टुक्‌ चाललेलं ऐकतो ना आपण, ते हा चोच न उघडता करतो. नुसता गळा फुगतो. मला वाटायचं ठोके घालतानाचा आवाज आहे तो. तसं नाही, ठोकताना मुकाट ठोकतो, ओरडायचं तेव्हा निराळं ओरडतो. कामाच्या वेळी बोलत नाही हे आमच्या घरात फक्त त्यालाच जमलं. फांदीवाल्याला चहा पाजून परत पाठवला. गेल्या महिन्यापासून शेवग्याला शेंगा एवढ्या आहेत, की आमटी, पिठलं, कढी, सगळ्यांत शेंगच. हे म्हणतात, आता बासुंदीत घालू नकोस म्हणजे झालं.

आता कुरडयांचं ऐक. तू मागवल्या होत्यास, म्हणून यंदा पाच किलो लोकवन भिजत घातला. आई म्हणायची तसं तीन दिवस, रोज पाणी बदलून. दुसऱ्या दिवशी नेमकं चुलतदिरांच्या शेतावर जावं लागलं, त्यांच्याकडे हळद शिजत होती. तो वास तुला नागपुरात कसा कळवू? मातीचा, धुराचा, थोडा कापराचा. काहिलीतून वाफेचे लोट, हळदीच्या पाल्यानं झाकलेला ढीग, आणि शिजली की नाही बघायला वहिनी बोटानं कांडी दाबून, मोडून बघतात. नऊ महिन्यांचं पीक, आणि पाच किलो ओल्या हळदीची वाळून जेमतेम किलोभर होते. मी हात पिवळे करून अंधार पडल्यावर घरी आले आणि गव्हाचं पाणी बदलायचं विसरले. सकाळी झाकण काढलं तर वासानं सासूबाई देवघरातून उठून आल्या. काही बोलल्या नाहीत, पदर नाकाला लावला. ते बोलण्यापेक्षा जास्त झालं.

टाकवेना म्हणून धुऊन धुऊन वाटलाच. फडक्यातून चीक गाळला, रात्रभर निवळत ठेवला, वरचं तांबूस पाणी ओतून दिलं. पाण्याला आधण, मीठ, हिंग, आणि लाटण्यानं ढवळत चिकाची धार. इथपर्यंत हात दुखले तरी जमलं. चीक काचेसारखा चमकायला लागला तेव्हा पहिली वाटी काकूंच्या नातवाला दिली, तेल-जिरं घालून. सासूबाईंनी दूध-साखर घालून घेतली. तू आणि मी या वाटीवरून एकमेकींचे केस ओढलेत, आठवतं? पण कुरडया वाळल्यावर लालसर झाल्या. पांढऱ्याशुभ्र नाहीत. त्यातून वरनं तांबटाचा भुसा गळतोय, तो एकेका कुरडईतून चिमट्यानं वेचायचा. चिमण्या कडेकडेनं टोचून जातात. आणि गच्चीवर कुरडया घातलेली साडी दाबून ठेवायला जे पोतं टाकलं होतं, त्याचे सुतळीचे धागे खार दोन दिवस ओढून नेत होती. तिचंही कुठंतरी चाललंच असणार. उरल्या चोथ्याच्या भुसवड्या घातल्या, त्यांना मात्र कुणी चोच लावली नाही. त्यांचं मी मनाला लावून घेतलं नाही.

आंब्याला मोहर दांडगा होता, पण मधल्या ढगाळ हवेत तुडतुडे पडले. पानं चिकट झाली, खालची फरशीसुद्धा. तरी लिंबाएवढ्या कैऱ्या धरल्या आहेत. तिजेला चैत्रगौर बसेल. डाळ आणि पन्ह्यापुरत्या घरच्या निघतील. हळदीकुंकवाच्या बायका मागच्या दारानं, धुण्याच्या दगडावरून कशा आणायच्या, ते तेव्हा बघू.

खरा पेच गुढीचा पडला. आमच्याकडे गुढी पुढच्या दाराच्या उजव्या अंगाला, म्हणजे बरोबर त्या वायरीच्या खाली. बांबू उभा केला की घरट्याला लागणार. मी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "पन्नास वर्षं तिथंच उभी राहिली आहे." संपलं. त्यावर बोलायची सोय नाही. मग परवा दुपारी, सगळे झोपलेत असं समजून, सासूबाई खिडकीचं दार किलकिलं करून उभ्या. चष्मा पुसला, पुन्हा लावला. भोकातून चोच बाहेर, ती यांच्याकडे बघते आहे, या तिच्याकडे. दहा मिनिटं तरी असेल. मी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि भांडं न वाजवता मागं सरले.

संध्याकाळी चहाला म्हणाल्या, "गुढी उंच असावी. दाराशीच असावी असं कुठं लिहिलंय? गच्चीवर लावा." आणि थोड्या वेळानं, "तुझ्या कुरडया मात्र तोवर उचल." जळमटांचं नाव त्यांनी शिमग्यापासून काढलेलं नाही.

तेव्हा कुरडयांचा दुसरा घाणा पाडव्यानंतर. पाणी रोज बदलीन, शपथ. पण सोऱ्याची बारीक भोकांची ताटली तुझ्याकडे आहे, मागच्या दिवाळीला शेवेसाठी नेलीस ती. इथं मोठ्या भोकांच्या ताटलीनं माझ्या कुरडया गांडुळांसारख्या पडल्या आहेत. कुरियर करू नकोस, स्वतः घेऊन ये. गौरीला आलीस तर डाळ तुझ्या हातची होईल, माझ्या डाळीला नेहमी मीठ कमी पडतं असं सगळे म्हणतात.

रात्रीच्या गाडीनं येशील तर रिक्षा बोळाच्या तोंडाशी सोड. मागच्या दाराची कडी आतून लावलेली नसते. आणि सवयीनं पुढं जाऊन दार वाजवू नकोस.

तुझी,
धाकटी