एकट्या स्नायूचा अभ्यास

मराठीत पाय हा मोठ्या मानाचा शब्द आहे. माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो, परक्या गावात पाय रोवतो, एखाद्या घरातून त्याचा पाय निघत नाही आणि बसून कंटाळा आला की तो पाय मोकळे करायला बाहेर पडतो. या सर्व प्रयोगांत पाय ही एकच, अखंड अशी वस्तू आहे. भाषेने तिचे तुकडे पाडलेले नाहीत, आणि तशी तिला गरजही भासली नाही. शरीराकडे जरा जवळून पाहिले, म्हणजे मात्र हा अखंडपणा उरत नाही. मांडीच्या पुढल्या बाजूस गुडघा सरळ करणारा चार भागांचा एक मोठा स्नायू, मागल्या बाजूस गुडघा दुमडणारे तीन, पोटरीत एकावर एक असे दोन, आणि वर नितंबांचे बलदंड स्नायू. हे एक एकत्र कुटुंबच आहे, आणि एकत्र कुटुंबात जे घडते तेच येथेही घडते. घरातला एक जण आजारी पडला, की त्याचे काम दुसरा कोणी तरी निमूटपणे उचलतो. घर चालू राहते. पण आजारातून उठलेला पुन्हा कामाला लागला की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

ही चौकशी करणारी काही यंत्रे तुम्ही पाहिली असतील. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कोणत्याही उपनगरातील जिममध्ये ती असतात. एका यंत्रावर खुर्चीत बसल्यासारखे बसायचे, नडग्यांवर टेकलेली गादी गुडघे सरळ करीत वर उचलायची आणि सावकाश खाली आणायची. याला ‘लेग एक्स्टेन्शन’ म्हणतात. दुसऱ्यावर पालथे पडून किंवा बसून टाचा मागे ओढायच्या. तो ‘लेग कर्ल’. तिसऱ्यावर मांड्यांवर भार घेऊन बसल्या बसल्या टाचा उचलायच्या. या तिन्ही यंत्रांत एकच सांधा हलतो आणि मुख्यतः एकच स्नायूसमूह राबतो. बाकीचे शरीर बसून असते.

या बसून राहण्यावरच मुरलेल्या व्यायामपटूंचा आक्षेप असतो. यंत्रावर बसून कोठे पाय तयार होतात का, बैठका मारा, असे ते सांगतात. हा आक्षेप पोरकट नाही. त्यामागे महाराष्ट्रातील तालमींची जुनी परंपरा उभी आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्यात राहून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, ते याच परंपरेच्या अभिमानातून. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे तर लाल मातीतून वर आलेले मल्ल. बैठकेत नितंब, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे एका तालात हलतात, तोल सांभाळावा लागतो, श्वासाची लय ठेवावी लागते, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. धडधाकट माणसाला एकच व्यायाम निवडायचा असेल, तर त्याने बैठकच निवडावी. मात्र कुटुंबातला एक जण अंथरुणाला खिळून उठलेला असेल, तेव्हा काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर या सल्ल्यात नाही.

हा प्रश्न आमच्या घरी आला तो आईच्या रूपाने. आमचे घर घाटकोपरच्या पंतनगरमध्ये, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याला चौपन्न पायऱ्या आहेत. वयाच्या शहात्तराव्या वर्षी आई दीड महिना तापाने अंथरुणावर होती. ताप गेला, पण उजवा गुडघा सुजून राहिला, आणि ती मांडी पाहता पाहता वाळली. शिंप्याची टेप लावून पाहिले, तर उजव्या मांडीचा घेर डावीपेक्षा दीड इंच कमी भरला. जिना बंद झाला. देऊळ बंद झाले, भाजीबाजार बंद झाला, खालच्या बाकावरच्या मैत्रिणी गॅलरीतून दिसण्यापुरत्या उरल्या. एकदा संध्याकाळी ती अगदी शांतपणे म्हणाली, “आता मला खाली न्याल ते एकदाच.” या वाक्याचा अर्थ तुम्हाला सांगण्याची गरज नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतींत अशी वाक्ये अनेक घरांत बोलली जात असतील.

घरी तपासायला आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आईला खुर्चीवरून उठायला सांगितले. आई दोन्ही हात टेकून, पुढे झुकून, डाव्या पायावर सारा भार टाकून उठली. बाई म्हणाल्या, “आजी उठतात, पण उजवी मांडी उठत नाही.” या एका वाक्यात विषयाचे मर्म आले आहे. आईला बैठका घालायला लावल्या असत्या, तर त्याही तिने डाव्या पायानेच घातल्या असत्या. दुखावलेल्या, सुजलेल्या गुडघ्याकडून जे संदेश जातात, त्यांमुळे मज्जासंस्था मांडीच्या पुढल्या स्नायूला मिळणारी आज्ञाच मंद करते. स्नायू काम करीत नाही म्हणून वाळतो, आणि वाळतो म्हणून आणखी काम टाळतो. बलवान सोबती शेजारी असताना हे टाळणे कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून बाईंनी त्याला एकटे गाठले. पलंगाच्या कडेला बसायचे, उजव्या घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधायची, गुडघा सरळ करायचा, पाच अंक मोजायचे, सावकाश खाली आणायचे. असे दहा वेळा. थोडी विश्रांती, पुन्हा दहा. पुन्हा विश्रांती, पुन्हा दहा. पलंगावर बसल्यामुळे डाव्या पायाची मदत नाही, कंबरेची नाही, हातांची नाही. पळवाट उरलेली नाही. पहिल्या दिवशी ती पिशवी पूर्ण वर गेली नाही. दीड महिन्याने तेथे दोन किलो बांधलेले होते. त्यानंतर आम्ही दोघांनी धरून, प्रत्येक वळणावर थांबत, आईला जिना उतरवला आणि उपचारकेंद्रातल्या यंत्रावर बसवले. यंत्र तेच काम करते. फक्त भार मोजून देते, आणि पुढच्या खेपेस किती वाढवायचा ते नेमके ठरवू देते.

ही युक्ती नवी नाही. स्वीडनमधील वैद्य गुस्ताव सांडर यांनी १८६५ साली स्टॉकहोममध्ये अशा यंत्रांची व्यायामसंस्था काढली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांच्या पायांना लोखंडी जोडे बांधून नेमका हाच व्यायाम करवला आणि भार क्रमाक्रमाने वाढवत नेण्याची पद्धत १९४५ मध्ये मांडली. आज जिममध्ये दहा-दहाचे तीन सेट सांगितले जातात, त्यांचे मूळ त्यांच्या कामात आहे. १९९० साली बोस्टन येथे झालेला एक अभ्यास तर मला वारंवार आठवतो. वृद्धनिवासात राहणाऱ्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा दुर्बल व्यक्तींना वजन आणि कप्पी यांच्या साध्या यंत्रावर आठ आठवडे गुडघा सरळ करण्याचा व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या मांडीची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांनी चालताना काठी सोडली. व्यायाम थांबल्यावर मात्र चार आठवड्यांतच ही शक्ती लक्षणीय घटली. नव्वदीतही स्नायू शिकतो, आणि नव्वदीतही विसरतो.

निरोगी माणसालाही या यंत्रांचा उपयोग आहे, आणि त्याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. मांडीच्या पुढल्या चार भागांपैकी एक भाग गुडघ्याबरोबर कंबरेजवळचा सांधाही ओलांडतो. बैठकेतून उठताना तो एका टोकाला आखडतो आणि दुसऱ्या टोकाला ताणला जातो. म्हणून त्याला फारसे काम मिळत नाही. मांडीमागच्या स्नायूंचीही बैठकेत बहुतांशी अशीच गत होते. पोटरीच्या दोन स्नायूंपैकी वरचा गुडघ्याच्या वर जोडलेला असल्याने गुडघा वाकवला की तो सैल पडतो. तेव्हा बसून टाचा उचलण्यात खालच्याला अधिक राबावे लागते. बैठक कितीही थोर असली, तरी तिच्या पंगतीत काही जण अर्धपोटी राहतात. त्यांना वेगळे वाढावे लागते.

मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. यंत्र तोल शिकवीत नाही. खुर्ची शरीराला धरून ठेवते. जिना धरून ठेवीत नाही. गुडघ्यातील अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर सुरुवातीच्या काळात हा व्यायाम तज्ज्ञाला विचारल्यावाचून करू नये. पाय सरळ होत असतानाच्या शेवटच्या टप्प्यात नव्या अस्थिबंधावर ताण येतो. म्हणूनच आईच्या बाईंनी तिला यंत्रावर मुक्काम करू दिला नाही. मांडीत जोर आल्यावर त्यांनी तिला खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावले, मग टेबल धरून अर्धी बैठक, मग जिन्याच्या चार पायऱ्या, मग आठ. वेगळा काढलेला स्नायू पुन्हा कुटुंबात नेऊन बसवावा लागतो. चौथ्या महिन्यात आई एकटी खाली उतरली आणि मेथीची जुडी घेऊन वर आली. कठडा तिने सोडलेला नाही, आणि सोडूही नये.

तुम्ही नोकरी, घर आणि लोकलचा प्रवास सांभाळून अभ्यास करणारी प्रौढ माणसे आहात. अभ्यासातही असे लपलेले दुर्बळ स्नायू असतात. ज्याला वृत्त ओळखता येत नाही, तो कवितेचा आशय चांगला लिहून वेळ मारून नेतो. ज्याचे व्याकरण कच्चे, तो शब्दसंपत्तीच्या आधाराने उठून उभा राहतो. उत्तीर्ण होण्यापुरते ते चालते. पण काही आठवडे केवळ तेवढाच कच्चा भाग घेऊन, दुसऱ्या कशाचाही आधार न घेता, थोड्या थोड्या वाढत्या भाराने त्याची घटवणूक करून पाहावी. आणि मग तेथेच न थांबता पुन्हा सबंध कवितेकडे, सबंध निबंधाकडे जावे.

ही पुस्तिका मिटण्यापूर्वी एक लहान प्रयोग मात्र करा; गुडघा किंवा तोल कमकुवत असेल, तर शेजारी कोणाला तरी उभे करून करा. हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा सावकाश उठा आणि बसा. उठताना कोणता पाय आधी जमिनीला रेटतो आणि कोणता मागून येतो, याकडे लक्ष द्या. जो मागून येतो, त्याची चौकशी करायला तुमच्यावाचून दुसरे कोणी येणार नाही.