सुरतेची जोंगा

सुरत म्हटली की मराठी मनाला १६६४ सालची स्वारी आठवते. त्या वेळी हाती न आलेला तापीकाठचा किल्ला पाहून आम्ही रांदेरला एका स्नेह्यांकडे उतरलो. त्यांच्या अंगणात एक जुनी ‘जोंगा’ उभी होती. निस्सानच्या नमुन्यावर जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून तीन दशके सैन्यासाठी या गाड्या तयार होत. सहा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटरचे पेट्रोल इंजिन. घाट चढण्यात पटाईत, पण इंधनाच्या बाबतीत मोठी खादाड! लडाखच्या मोहिमा आटोपून ही गाडी लष्करी लिलावातून येथे आली.

दमट हवेने तळाचा पत्रा खाल्ला होता. तो बदलणे भागच होते. वाद होता मडगार्डवरच्या पोच्याचा. चिरंजीव म्हणाले, “बाबा, ठोकून सरळ करू या.” निवृत्त सुभेदार असलेले वडील म्हणाले, “अरे, दरड कोसळली तेव्हा तिथे बसलेला धोंडा आमच्यावर यायचा होता. राहू दे तो.”

चिरंजीव गप्प झाले. गंज खरवडून त्यांनी पोच्यावर स्वतःच्या हाताने हिरवा रंग चढविला. पोचा तसाच राहिला.