घोरपडीचं आल्को

तो फोटो पुसायला लावला, याचा राग अजून गेलेला नाही.

पुण्याच्या मंडईत आमचा भाजीचा गाळा. मटार, अंजीर, सीताफळ पुरंदरचं, त्यामुळे हंगामात पुणे-मिरज रेल्वेमार्गावरच्या जेजुरी-वाल्ह्याकडे चक्कर ठरलेली. आणि मामा घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होता. मला मालगाडीच्या इंजिनांचं वेड का, हे एवढ्यावरून कळावं.

डेक्कन क्वीनचा 1 जूनला वाढदिवस होतो, हार घालतात, केक कापतात. मालगाडीचं इंजिन मात्र लोक पाहतात ते घोरपडीच्या फाटकात अडकल्यावर, वैतागून. मिरज लाइनवर वर्षानुवर्षं राबलं ते डब्ल्यूडीजी-3ए: 16 सिलिंडर, 3,100 अश्वशक्ती, घडवलेलं वाराणसीत, मूळ आराखडा अमेरिकेच्या आल्को कंपनीचा. म्हणून सगळे त्याला आल्कोच म्हणत. बाजूवर शेडचं नाव ‘पुणे’. भरलेली गाडी घेऊन शिंदवण्याहून आंबळ्याकडे घाट चढताना नॉच, म्हणजे जोराची पायरी, वाढवला की काळा धूर आणि टर्बोची शीळ. इंजिन दिसण्याआधी आवाज यायचा. पुढे हुबळीची 4,000 अश्वशक्तीची डब्ल्यूडीजी-4 दिसू लागली. मग खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या, आणि विजेचं डब्ल्यूएजी-9 आलं.

त्या दिवशी जेजुरी स्टेशनात चुकून एक आल्को मालगाडीला लागलेलं दिसलं. तोवर ती दुर्मीळ झाली होती. मी फलाटावरच उभा होतो, खिशात तिकीट होतं, रुळांत उतरलो नव्हतो. फोटो काढला. गणवेशातला एक माणूस आला. ‘मालगाडीचा फोटो कशाला?’ आवडतं म्हणून, म्हटलं. त्याला ते पटेना. आवडायला त्यात आहे काय, हाच त्याचा प्रश्न. मामाचं नाव सांगितलं, शेड सांगितली, इंजिनाचा वर्गसुद्धा सांगितला. त्यावर संशय वाढलाच! फोटो पुसायला लावला. मग पुसलेले फोटो जिथे साठतात तिथूनही काढायला लावला, आणि तोवर बाजूला उभा राहिला. एवढ्यात सिग्नल पडला आणि गाडी निघाली. मी फोनमध्ये मान घालून होतो, ती नीट पाहिलीही नाही. दुसरा फोटो मिळाला नाही. एखाद्याने डेक्कन क्वीनचा फोटो काढला असता तर त्याला असं विचारलं असतं का? इंजिनांचा नाद असलेल्या पोरांना मी आता सांगतो, नंबर, शेड, तारीख वहीत लिहा. फोटो नंतर.

मामाला हे सगळं सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. ‘तुला आवाज गोड लागतो. माझा डावा कान त्या आवाजानं गेला.’ धूर छातीत किती गेला, ते वेगळंच. घोरपडीला दोरीवर वाळत टाकलेल्या कपड्यांवर काजळी बसायची, हे मामीनंही सांगितलं. आणि खरं सांगायचं तर डब्ल्यूएजी-9 शिंदवण्याच्या घाटात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झालो होतो. आल्कोच्या जवळपास दुप्पट ताकद. उतारावर ब्रेक लावताना ते वीज बनवून परत तारेत सोडतं. गाडी समोरून जाते तेव्हा डब्यांचाच आवाज जास्त. याला वाईट कसं म्हणायचं? मी म्हणतही नाही.

तरी एक आल्को पुण्यात राहायला हवं. बोरघाटात मालगाड्या ओढणारं 1928 सालापासूनचं विजेचं इंजिन, ज्याला रेल्वेची माणसं खेकडा म्हणत, ते मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलं आहे. मग घोरपडीत आल्कोला जागा का नसावी? मामाला हा विचार आधी खुळेपणाचा वाटला. आता म्हणतो, ठेवायचंच तर बाजूचे दरवाजे उघडे ठेवा, नुसतं रंगवून उभं करू नका. सोळा सिलिंडर कुठे असतात, ते पोरांना दिसलं पाहिजे.