फ्रान्सिस जॉन्सनबाईंचं टाकेल्मा

अस्वलानं माणूस मारला, एवढं सांगायचं तरी टाकेल्मा बोलणाऱ्याला आधी ठरवावं लागे, की हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे की खुणांवरून वाटतंय? ठाऊक असेल तर क्रियापदाचं एक रूप. प्रेत सापडलं, घराजवळ अस्वलाची पावलं दिसली आणि त्यावरून तर्क केला, तर दुसरं. मराठीत ‘मारला असावा’, ‘मारलेला दिसतोय’ असं आपण जोडून म्हणतो. टाकेल्मात तो तर्क क्रियापदाच्या प्रत्ययातच बसवलेला होता. एडवर्ड सपीर यांच्या व्याकरणातलं हे उदाहरण मी दरवर्षी एम.ए.च्या वर्गात फळ्यावर लिहितो. मुलं लगेच विचारतात, ही भाषा कुठं बोलतात?

बोलत असत, असं सांगावं लागतं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या नैर्ऋत्येला रोग नदीचं खोरं आहे. सामन मासा, ओकच्या बियांचं पीठ आणि कामासचे कंद खाऊन राहणारे टाकेल्मा लोक तिथलेच. 1851-52च्या हिवाळ्यात जॅक्सनव्हिलला सोनं सापडलं आणि खाणवाल्यांची रीघ लागली. 1853 साली टेबल रॉकला तह झाला, थोडी जमीन राखून ठेवली गेली. ऑक्टोबर 1855मध्ये गोऱ्या स्वयंसेवकांच्या टोळीनं झोपेत असलेल्या वस्तीवर हल्ला करून बायकामुलांचीही कत्तल केली. युद्ध भडकलं. 1856मध्ये उरलेल्यांना उत्तरेकडे ग्रँड राँड आणि सिलेट्झच्या राखीव प्रदेशांत हाकलण्यात आलं. तिथं कितीतरी वेगळ्या भाषांची माणसं एकत्र कोंबलेली. आपसात बोलायला चिनूक जार्गन ही मिश्र बोली, पुढं इंग्रजी. अशा ठिकाणी घरातली भाषा दोन पिढ्यांत जाते.

1906च्या उन्हाळ्यात मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांचा बावीस वर्षांचा विद्यार्थी, म्हणजे सपीर, सिलेट्झला गेला. फ्रान्सिस जॉन्सन या वयस्क टाकेल्मा बाई, मूळ नाव ग्विसग्वाशान, त्याच्यासमोर बसल्या आणि सांगत गेल्या. हे काम जेमतेम दीड महिना चाललं. त्यातून 1909 साली ‘टाकेल्मा टेक्स्ट्स’ हा कथासंग्रह आला आणि पुढं जवळजवळ तीनशे पानांचं व्याकरण. आमच्या भाषाशास्त्रात ते आजही आदर्श मानतात. कृती हातानं झाली, तोंडानं झाली की डोळ्यांनी, हे क्रियापदाच्या आधी लागणारे उपसर्ग. शब्दातला चढता-उतरता सूर. सगळं त्यात नोंदलेलं आहे. माझ्या मते त्या व्याकरणाच्या मुखपृष्ठावर दोन नावं हवी होती.

कारण बाईंनी नुसते शब्द सांगितले नाहीत. शिंक आल्यावर काय म्हणायचं, नवा चंद्र दिसल्यावर काय, घुबड ओरडलं तर काय, हे सांगितलं. कथा सांगताना त्या पात्रांचा आवाजही काढत. कोल्ह्यासारखा धूर्त कायोटी बोलू लागला की शब्दाच्या आधी ‘स’ किंवा ‘श’ लागतो. ग्रिझली अस्वल बोललं की जिभेच्या कडेनं हवा सोडून काढलेला एक घोगरा ‘ल’ लागतो. या ‘ल’ला अर्थ काही नाही, आणि हा ध्वनी टाकेल्मात एरवी नाहीच! शेजारच्या भाषांत मात्र आहे. एखादी भाषा आपल्यात नसलेला ध्वनी फक्त गोष्टीतल्या अस्वलासाठी राखून ठेवते, हे शब्दांच्या यादीतून कधीच कळलं नसतं. गोष्ट पूर्ण ऐकली, म्हणून कळलं.

फ्रान्सिसबाई 1934 साली गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी भाषांचे अभ्यासक जॉन हॅरिंग्टन यांनी टाकेल्मा वृद्धांना रोग खोऱ्यात नेऊन जागांची नावं टिपली. टाकेल्मा वंशाच्या अ‍ॅग्नेस बेकर पिल्ग्रिम यांनी 1994 साली सामन माशाचा विधी त्या खोऱ्यात पुन्हा सुरू केला. 2019मध्ये वारल्या, तोवर त्या हेच काम करत होत्या. ज्या समाजाला तिथून हाकललं, त्याची लेक तिथंच उभी राहून माशाचे आभार मानत होती. भाषा घराघरांत परतलेली नाही, पण ती शिकायची तर फ्रान्सिसबाईंच्या गोष्टी हाताशी आहेत.

सपीर यांचे विद्यार्थी मरे एमेनो पुढं भारतात आले. वर्ध्याकडची कोलामी भाषा त्यांनी याच शिस्तीनं ऐकून लिहिली. 1955 साली तिचं व्याकरण छापून आलं. यवतमाळ-वर्ध्यात कोलामी आहे, बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात निहाली आहे. वाचकांपैकी कुणी तिकडं शिक्षक असाल, आशाताई असाल, तर एखाद्या आजीकडून एक गोष्ट तिच्याच वेगानं पूर्ण ऐकून फोनवर ध्वनिमुद्रित करा. तिला विचारून करा, आणि तिची हरकत नसेल तर खाली तिचं नाव लिहा.