कोरेगावच्या पांढऱ्या पॉमेरियनला

प्रिय पॉमी,

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या कोरेगावात तुला ओळखत नाही असं घर नसेल. बाजारपेठेतल्या दुमजली घराच्या गॅलरीत तू असतोस, स्टेशनकडच्या बंगल्याच्या फाटकाआड असतोस, वाडीवरच्या शेतकऱ्याच्या ओट्यावरही असतोस. दूधवाला आला की आधी तुला कळतं. एवढी जुनी ओळख असूनही तुझ्या शरीराविषयी आम्हाला फार थोडं ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

मुळात तू बहुतेक वेळा पॉमेरियन नसतोसच. खरा पॉमेरियन जेमतेम दीड ते साडेतीन किलोचा. बाल्टिक समुद्राकाठचा पोमेरेनिया हा त्याचा मुलूख. व्हिक्टोरिया राणीने 1888 मध्ये फ्लॉरेन्सहून या जातीचा एक लहानसा कुत्रा नेला आणि पुढे विलायतेत लहान चणीचीच पिल्लं लोकांना हवीशी झाली. तू आहेस इंडियन स्पिट्झ. तोंड थोडं लांबट, कान जरा मोठे, तुझ्यातल्या लहान प्रकाराचं वजन पाच ते सात किलो. केनेल क्लब ऑफ इंडिया तुला स्वतंत्र जात मानतो. 1994 साली ‘हम आपके हैं कौन’ मधला टफी सगळ्यांनी पाहिला, तोही तुझाच भाऊबंद. तू पिढ्यान्पिढ्या याच हवेत वाढलास, इथल्या उन्हाची तुला सवय झाली. तुला कोणी परदेशी शोभेची वस्तू म्हटलं की मला राग येतो, तो यामुळे.

होळी झाली की तुझ्या केसांवर संकट येतं. ‘उकडत असेल बिचाऱ्याला’ म्हणून घरचेच मशीन फिरवतात आणि तुला पार भादरून टाकतात. तुझ्या अंगावर केसांचे दोन थर असतात: आत दाट मऊ लव, वर लांब राठ केस. हे दोन थर थंडीत ऊब धरतात आणि उन्हाची झळ थेट कातडीपर्यंत येऊ देत नाहीत. एकदा मुळापासून कापले की कित्येकदा ते पूर्वीसारखे येतच नाहीत, कुठे विरळ तर कुठे गुंता होतो. तुला घामही आमच्यासारखा अंगभर येत नाही. तू गार होतोस तो धापा टाकून. तेव्हा उन्हाळ्यात तुला हवी असते सावली, गार फरशी, वाडगंभर स्वच्छ पाणी आणि मोकळी झालेली आतली लव विंचरून काढणारा हात. फिरायला न्यायचं ते उन्हं चढायच्या आत. दुपारी डांबरी रस्त्यावर तुझे तळवे भाजतात.

खाण्याचं तर विचारू नकोस. दूध-चपाती हेच तुझं जेवण, असं आमच्याकडे पिढ्यांपासून चालत आलंय. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात. चपातीने पोट भरतं, पण तुला लागणारी प्रथिनं मिळत नाहीत. उकडलेलं अंडं, बिनहाडाची कोंबडी, थोडा भात, हे तुला चांगलं मानवतं. कांदा-लसणाचा रस्सा मात्र नको, त्याने तुझ्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बेदाणेही नकोत. शेजारच्या सांगली जिल्ह्यातून, तासगावकडून आमच्या घरी डबा भरून बेदाणे येतात आणि पोरं प्रेमाने मूठभर तुझ्यापुढे धरतात. मूठभर बेदाण्यांनी तुझी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेटही विषच.

तुझी श्वासनलिका नाजूक. गळ्यातला पट्टा हिसडला की तू खोकतोस, म्हणून छातीला बसणारा पट्टा हवा. लहान तोंडात दाटीवाटीने बसलेल्या दातांवर किटण लवकर चढतं. पावसाळ्यात केसांच्या आत गोचीड दडतात आणि ताप आणतात. तू जेवण सोडलंस, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर घरगुती औषधांत दिवस न घालवता जनावरांचा दवाखाना गाठायला हवा. पिल्लं नको असतील, तर मादीचं ऑपरेशन करून घ्यावं. ऑपरेशन न झालेल्या माद्या वय वाढल्यावर गर्भाशयात पू होऊन दगावू शकतात. आणि रेबीजची लस! पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग डॉक्टर सांगतील त्या वेळी पुढची. घराबाहेर न पडणाऱ्या पॉमीलाही ती चुकवून चालत नाही.

आमच्या गावाहून साताऱ्याला जाताना कृष्णा ओलांडली की संगम माहुली. तिथे साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, असं इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवलंय. पराक्रमी कुत्र्याचा मान आपल्या मुलखाला नवा नाही. तू वाघावर जाणार नाहीस. आजीच्या पायाशी दुपारभर बसून राहणं, शाळेतून आलेल्या पोराला दारात गाठणं, हेच तुझं काम. तेही मानाचंच आहे, असं मी मनापासून मानतो. माणसाच्या सहवासासाठी घडलेल्या जिवाला दिवसभर गच्चीवर साखळीने बांधून ठेवणं ही शिक्षाच.

आता दोन शब्द तुला घरी आणू पाहणाऱ्यांसाठी. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आईजवळ राहूनच ते चावा आवरायला शिकतं. खोक्यातलं महिन्याचं पिल्लू ‘खास जातीचं’ म्हणून कोणी पुढे केलं, तर घेऊ नका. तुमच्या घरातला हा सोबती बारा-चौदा वर्षं जगणार आहे. तेवढी वर्षं त्याला वेळ देता येईल का, हे घरात सगळ्यांनी बसून ठरवा. जमणार असेल तर पिल्लाची आई कुठे आणि कशी ठेवलीय, ते आधी स्वतः जाऊन बघा.

तुझा,
कोरेगावचा एक शेजारी