बसणार कोण हाय?

इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी, पुण्यात, वर्गात ओळख करून देताना वडिलांचं काम सांगायचं होतं. मी म्हणालो, "ऑटोमोबाइल इंटिरियर." ऐकायला बरं वाटलं. पप्पांचं कोल्हापुरात सीट कव्हरचं दुकान आहे. दहा बाय बाराची जागा, एक शिलाई मशीन, रेक्झिनचे रोल आणि दारात सीट काढलेली एखादी रिक्षा. मला त्यांनी मशीनला कधी हात लावू दिला नाही. "तू पुस्तक धर," एवढंच म्हणायचे. मीही आनंदाने धरलं.

ते खोटं दहा वर्षांनी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीतल्या एका गॅरेजमध्ये आठवलं. कामानिमित्त मी इथे राहतो. माझे शेजारी सत्तरीचे, निवृत्त. त्यांच्या गॅरेजमध्ये चार वर्षांपासून एक कोब्रा तयार होत होती. १९६२ साली कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरने एसी कार्स या ब्रिटिश कंपनीच्या हलक्या दोन-सीटर गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं, ती कोब्रा. मूळ गाड्या हजाराच्या आसपासच बनल्या आणि आता त्यांच्या किमती आपल्यासारख्यांनी विचारायच्याही नसतात. म्हणून हौशी लोक फायबरग्लासची बॉडी आणि चासी किट म्हणून घेतात आणि उरलेली गाडी घरी बांधतात. शेजाऱ्यांचं इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं झालं होतं. सीट राहिल्या होत्या.

शनिवारी मी त्यांच्या हाताखाली पाने-पकडी द्यायला जायचो. बोलता बोलता वडिलांचं काम सांगितलं, या वेळी खरं. ते म्हणाले, "मग तुला येतच असेल." मी हो म्हणालो. हे दुसरं खोटं.

मी व्हिडिओ बघितले, सीटच्या सांगाड्याची मापं घेतली, लॅपटॉपवर ड्रॉइंग केलं. शेजाऱ्यांनी काळं चामडं आणि जुनं मशीन आणलं. शिवण मजबूत व्हावी म्हणून मी टाके बारीक घातले. ओढून बघितलं, तर ती पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांवरून फाटली. चामड्यात सुईचं भोक एकदा पडलं की पडलं, तिथे अनडू नसतं. शेजारी काही बोलले नाहीत. चहा टाकायला आत गेले.

रविवारी सकाळी पप्पांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे दुपार होती. मी त्यांना कोब्राचा सगळा इतिहास सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, "बसणार कोण हाय?"

मला कळलंच नाही.

"आरं, माणूस केवढा हाय? पाय कुठं पोचत्यात? कंबर दुखती का त्याची?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सीट मोजली होती, माणूस मोजला नव्हता.

पप्पांनी चामडं बाजूला ठेवायला लावलं. आधी नुसता फोम ठेवून शेजाऱ्यांना अर्धा तास बसवलं. कोब्रात जागा अगदी कमी. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सवरचा रुंद उंचवटा. मी घातलेल्या जाड, मऊ फोममुळे त्यांच्या मांड्या स्टिअरिंगला घासत होत्या. उठताना त्यांनी दाराची कड घट्ट धरली. तेव्हा कळलं, उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. रुतणाऱ्या सीटवरून उठणं त्यांना जमत नव्हतं, आणि सांगायला संकोच वाटत होता.

मग खाली कडक फोम, वर पातळ मऊ थर. मांडीखाली थोडा उतार, कमरेमागे थोडा आधार. पप्पा फोनवरून सांगत होते, मी कापत होतो. "फोम कव्हरापेक्षा जरासा मोठा ठेव, म्हंजे चुण्या पडायच्या न्हाईत. टाका लांब घाल. जोडायच्या दोन्ही तुकड्यांवर खडूनं खुणा कर." कव्हर चढेना, तेव्हा म्हणाले, "फोमवर प्लास्टिकची पिशवी घाल, सरकंल." सरकलं.

घरी बांधलेली गाडी इथे रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए नावाची सरकारी तपासणी असते. सीट घट्ट बसल्यात का, पट्टे नीट आहेत का, सगळं बघतात. गाडी पास झाली. शेजारी दाराची कड न धरता उठले. मी पप्पांना फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून बघितला असणार. उत्तर आलं, "डाव्या कोपऱ्यात पायपिंग वाकडं गेलंय."

त्या रात्री त्यांना कॉलेजातलं खोटं सांगितलं. ते हसले. "ऑटोमोबाइल इंटिरियर? मग चुकीचं काय सांगितलंस?"

थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग त्यांनी विषय काढला. मशीनला गिऱ्हाईक आलंय. हल्ली लोक तयार कव्हरं ऑनलाइन मागवतात आणि त्यांना सुईत दोरा ओवताना दिसत नाही. आधी दोनदा मीच म्हणालो होतो, विकून टाका, आराम करा.

"दिवाळीला येतोय," मी म्हणालो. "तोपर्यंत ठेवा. मला टीप सरळ मारायला शिकायचीय."

"पुस्तक सोडून?"

"पुस्तक धरून."

ते काही बोलले नाहीत. फोन चालू ठेवून त्यांनी मशीनवर कापड टाकलं आणि दुकानाचं शटर ओढलं.